उंबरठ्याखालचा जोड

परभणीला मी ज्या ऑफिसात नोकरीला होते तिथं आठ कॉम्प्युटर होते आणि ते आठही मिळून एकच काम करायचे. जिल्ह्यातल्या पावसाचे आणि पिकांचे आकडे तिथं यायचे, त्यांचं गणित व्हायचं. मोठं मशीन मंजूर होत नव्हतं, म्हणून साहेबांनी लहान लहान आठ मशिनी एका तारेवर जोडून घेतल्या होत्या. एकीनं गणिताचा एक तुकडा करायचा, दुसरीनं दुसरा, आणि तारेवरून एकमेकींना कळवायचं. साहेब त्याला क्लस्टर म्हणायचे. मी कळप म्हणायचे. सासर धनगराचं, मला तोच शब्द जवळचा.

मी तिथं शिपाई होते. नवरा त्याच ऑफिसात वॉचमन होता. तो गेला, त्याच्या जागेवर मला घेतलं. शाळा झरीला चौथीपर्यंत झाली होती. वाचता येत होतं, आकडे कळत होते. खोली झाडणं, येणाऱ्याला चपला बाहेर काढायला लावणं आणि एसीचं पाणी बादलीत पडायचं ते नेऊन टाकणं, एवढं माझं काम. विद्यापीठाचं नामांतर व्हायचं होतं अजून. त्याच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट.

तारेबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तार एका मशिनीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी गेलेली होती. दोन्ही टोकांना पितळी टोप्या. मध्ये कुठंही खराबी आली की आठही मशिनी मुक्या. मोठ्या खोलीत पाच मशिनी होत्या, आतल्या लहान खोलीत तीन. मधल्या दाराच्या उंबरठ्यावर एक लाकडी पट्टी स्क्रूनं बसवली होती आणि तिच्याखालून तार गेली होती. तार नेमकी तिथंच कमी पडली म्हणून तिला दुसरा तुकडा जोडला होता. तो जोड त्या पट्टीखाली.

हे सगळं सांभाळायला एक पोरगी होती. टेक्निशियन. पिंगळीहून रोज रेल्वेनं यायची. नोकरी पक्की नव्हती, सहा महिन्यांची ऑर्डर निघायची आणि संपायची, मग पुन्हा निघायची. ती बौद्ध होती. नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्यांची घरं जाळली होती, तेव्हा ती लहान होती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, डबा खाता खाता, आणि मग लोणचं मागितलं. मी दिलं. त्यावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही. ऑफिसात नामांतरावर कुणी बोलत नसे. म्हणजे ती असताना बोलत नसे.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. शेतात विळा-कुऱ्हाडीची, गॅरेजात पान्यांची, आमच्याकडं कॉम्प्युटरची. त्या वर्षी उंबरठ्यावर रांगोळी मी काढली, पट्टीवर हळदकुंकवाची बोटं मी ओढली. प्रत्येक मशिनीला झेंडूची माळ घातली. साहेबांनी नारळ हातात घेतला आणि मधल्या दारात बसून उंबरठ्यावरच फोडला. ताट माझ्या हातात होतं. दगडावर फुटतो तसा नारळ लाकडावर फुटत नाही. दोन-तीनदा आपटावा लागला, मग एकदम फुटला आणि पाणी सगळीकडं उडालं. सगळे "अरे अरे" करून हसले. कुंकू जपून मी फडक्यानं पुसून घेतलं.

पोरगी खिडकीपाशी उभी होती. तिला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिनं हात जोडले नाहीत. प्रसाद दिला तो खाल्ला. हे मी पाहिलं आणि हेडक्लार्कनंही पाहिलं. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. माणूस कामाचा होता. निजामाच्या वेळच्या फायली त्यांना कुठल्या कपाटात ते डोळे झाकून माहीत. पण कुणी कधी काय केलं नाही, हेही त्यांच्या ध्यानात राहायचं.

दसरा होऊन आठवडा-दीड आठवडा झाला आणि मशिनी मुक्या झाल्या. एकदम नाही. सकाळी चालायच्या, दुपारी अडायच्या, परत चालायच्या, मग अडून बसायच्या. गणित अर्ध्यात पडायचं. त्यात मुंबईहून तपासणीचे लोक यायचे होते. आठ मशिनी एकत्र चालतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तर पुढचा पैसा मिळणार होता. पोरीची ऑर्डर त्याच महिन्यात संपत होती. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं, मी चहा घेऊन आत गेले होते.

"मॅडम, ते लोक सोमवारी येणार. तोपर्यंत चाललं पाहिजे," साहेब म्हणाले. "नाही चाललं तर तुमची ऑर्डर पुढं कुठल्या तोंडानं पाठवू मी?"

"चालेल सर," ती म्हणाली.

बाहेर बाबूजी बसले होते. त्यांनी मला विचारलं, "काय म्हनले?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला काय करायचंय! मी तर त्याच दिवशी म्हनलो. पूजेला हात न जोडनाऱ्याच्या हाती मशीन दिल्यावर दुसरं काय व्हईल?"

"आन् तुमी जोडले होते ना हात? मग तुमच्या टेबलाचा पंखा का बंद हाय दसऱ्यापासून?"

"मावशे, तुझी जीभ एक दिवस तुला खानार."

"खाऊ द्या. घरचीच हाय."

त्या दिवसापासून पोरगी तपासायला लागली आणि मी तिच्या हाताखाली. तिला दुसरं माणूस हवंच होतं. ती मोठ्या खोलीतल्या मशिनीवर बसायची, मी लहान खोलीत. ती इकडून हाक पाठवायची, म्हणजे तारेवरून. माझ्या पडद्यावर ओळी उमटल्या की मी ओरडायचं, "आलं." नाही उमटल्या की "न्हाई." बस एवढंच. घसा बसला माझा.

मला वाटलं होतं ती सरळ जिथं शंका आहे तिथं हात घालेल. शंका कुठं आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मोठ्या खोलीतल्या पाच मशिनी वेगळ्या काढून, टोपी लावून चालवल्या तर चालल्या. लहान खोलीतल्या तीन तशाच वेगळ्या चालवल्या, चालल्या. दोन्ही खोल्या जोडल्या की बिघाड. म्हणजे बिघाड दोन खोल्यांच्या मध्ये, उंबरठ्याखाली. हे मलाही समजलं. ती पेचकस घेऊन पट्टीपाशी बसली तोच बाबूजी उठून आले.

"तिथं हात लावायचा न्हाई."

"का बाबूजी?"

"पूजा केलेला उंबरठा हाय. कुंकू हाय त्याच्यावर. दिवाळीपातुर उखडायचा न्हाई. आमच्यात चालत न्हाई."

"खाली जोड आहे. तो बघायचाय."

"जोड तुमीच केलता ना? मग तुमचा जोड खराब म्हना की सरळ. उंबरठा कशाला उखडता?"

ती पेचकस घेऊन उठली. मी उठले नसते, पण ती माझ्यापेक्षा हुशार. तिनं तिथं भांडण केलं असतं तर गावभर काय झालं असतं? अमक्या समाजाच्या पोरीनं पूजेचा उंबरठा उखडला. त्या वर्षांत एवढं पुरेसं होतं. जिंतूरच्या एसटीवर दगड पडायला याहून कमी कारण लागायचं.

मग तिनं उलटा रस्ता धरला. उंबरठा सोडून बाकी सगळं निर्दोष आहे हे एकेक करून दाखवायचं. म्हणजे शेवटी उंबरठाच उरेल आणि साहेबांना परवानगी द्यावी लागेल. मोठ्या खोलीत एकदम आठ मशिनींना लाईट पुरत नव्हती, फ्यूज उडायचा. म्हणून लहान खोलीतली एकेक मशीन आम्ही दोघींनी उचलून मोठ्या खोलीत आणली, तिथल्या पाचांबरोबर चालवली, परत नेऊन ठेवली. मशीन म्हणजे तेव्हा डबा आणि टीव्ही दोन्ही, जड. मग टोप्या बदलून पाहिल्या. मग तारेचे तुकडे. प्रत्येक तुकडा मीटरला लावायची. मीटर म्हणजे काटा असलेला एक डबा. दोन्ही टोकांना टोप्या नीट असल्या की काटा पंचविसावर थांबला पाहिजे, हे तिनं मला सांगून ठेवलं होतं. एसीचं पाणी तारेवर गेलं असेल असं एकजण म्हणाला. तिनं एक दिवस एसी बंद ठेवून पाहिलं. उंदरानं कुरतडली असेल, दुसरा म्हणाला. तिनं सगळी तार हातावरून ओढून पाहिली. म्हणणाऱ्याचं काय जातं? तपासणाऱ्याची कंबर मोडते.

मी एकदा वैतागून म्हणाले, "अगं, ठाव हाय ना तुला कुठं हाय ते? मग हे फिजूल कशाला करायलीस?"

"मावशी, मला माहीत आहे. त्यांना नाही."

"त्यांना कधीच ठाव व्हनार न्हाई."

"कुठं नाही हे दाखवत गेलं की कुठं आहे ते आपोआप दिसतं."

हे ऐकून मला माझं लग्न आठवलं. आमची मेंढरं जिंतूरकडच्या रानात बसायची. मी नवी नवरी. आले आणि दोनच दिवसांत पाच-सात मेंढरं एकदम पडली. तोंडाला फेस, पोट फुगलेलं. सासूनं मेंढरांकडं पाहिलं नाही, माझ्या पायांकडं पाहिलं. हिचा पायगुण. मला माहेरी पाठवलं. पाऊस लांबला होता. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्याला कोवळे फुटवे आले होते आणि मेंढरांनी ते खाल्ले होते. वाळत्या रानातले ते फुटवे विषारी असतात, हे कुठलाही जुना मेंढका सांगेल. त्यांच्या घरातही जुने मेंढके होतेच. पण कुठल्या रानात चारली, काय खाल्लं, हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर आधीच सापडलं होतं. पुढच्या वर्षी मी माहेरी असताना त्याच रानात पुन्हा मेंढरं पडली, तेव्हा मला न्यायला दीर आला. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. मी पण विचारलं नाही. भाकरी थापायला बसले.

आमच्या लोकांची रीतच ही. काही बिघडलं की पहिला सवाल, कोणी केलं? कुठं बिघडलं हे नंतर, वेळ मिळाला तर. ही पोरगी कोणी हे विचारतच नव्हती. कुठं, एवढंच. मला वाटलं, ही तिच्या मशिनींची शिकवण असेल. मग वाटलं, नसेल. ज्याच्यावर लहानपणापासून कोणी, कोणी म्हणून बोट दाखवलं जातं, त्याला कुठं हे विचारायला शिकावंच लागत असेल. मला ते शिकायला जमलं नाही. मी फक्त कडू झाले.

शनिवारी दुपारी तिनं साहेबांना बोलावलं. बाबूजी न बोलावता आले. तिनं एकेक करून सांगितलं, ही मशीन चांगली, ही चांगली, टोप्या चांगल्या, हे तुकडे चांगले. "आता एकच जागा राहिली सर. पट्टीखाली."

साहेबांनी उंबरठ्याकडं पाहिलं. माणूस शिकलेला, पण पूजा मनापासून करणारा. कुंकवाची बोटं अजून ठळक होती.

"दिवाळी झाल्यावर नाही का चालणार?"

"सोमवारी ते लोक येणार आहेत सर."

"साहेब, हे अशुभ हाय," बाबूजी म्हणाले. "उद्या काही झालं तर नाव कुणाचं येईल बघा."

सगळे उभेच राहिले. पोरगी पट्टीकडं बघत होती, पण हात मागं बांधून. तिनं हात लावला की संपलं, हे तिला ठाऊक होतं.

मी ओला फडका आणला. "साहेब, रांगोळी मी काढली होती. कुंकू मी लावलं होतं. जिनं लावलं ती पुसते. ह्यात कोन काय बोलनार?"

बाबूजी म्हणाले, "मावशे!"

"मावशी म्हना, आन् पाय बाजूला घ्या."

नमस्कार केला, पुसलं. देवाशी माझं भांडण नव्हतं, बाबूजींशी होतं. मग पेचकसनं स्क्रू काढायला लागले. एक गंजला होता, तो निघेना. तेव्हा साहेब स्वतः खाली बसले आणि त्यांनी तो काढला.

पट्टी उचलली तसा आंबूस वास आला. आतलं लाकूड काळं पडलं होतं, चिकट झालं होतं. नारळाच्या शेंडीचे दोन केस तारेला चिकटले होते. पोरीनं जोड उचलला, ओढून पाहिला. घट्ट होता, तिनं बसवला तसाच. मग फिरवून उघडला. आतली पितळी सुई हिरवी झाली होती, तांब्याच्या भांड्यात ताक ठेवल्यावर होते तशी.

"पाणी गेलंय," ती म्हणाली.

"कसलं पाणी?" साहेबांनी विचारलं.

तिनं जोड पुन्हा उजेडात धरला. मी तिच्याकडं बघत होते. एसीचं म्हणाली असती तर सुटली असती, पण एसी तिनंच निर्दोष ठरवला होता. माझा जोड कच्चा राहिला म्हणाली असती तर साहेबांची अब्रू वाचली असती आणि तिची ऑर्डर गेली असती. खरं बोलली असती तर काय झालं असतं हे सांगता येत नव्हतं.

"नारळाचं, सर," ती म्हणाली. "खंडेनवमीला तुम्ही इथं फोडला होता."

बाबूजी पेटलेच. "म्हंजे देवाचं पानी बाधलं म्हनायचं का तुमाला?"

"देवाचं असो नाहीतर चहाचं, बाबूजी. तारेला कळत नाही. चहा सांडला असता तरी हेच झालं असतं."

"चहा सांडला असता तर मी सांडणाऱ्याला झापलं असतं," साहेब म्हणाले. आणि मग हातातल्या पेचकसाकडं बघायला लागले.

"बाथरूमात आरसा हाय, साहेब," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. साहेब पण हसले नाहीत. मला वाटलं, आता पोरीबरोबर मी पण घरी.

साहेब उठले. खिशातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. "मावशी, एक नारळ आणा." मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. त्यांनी तो अंगणात, सायकल स्टँडच्या दगडावर फोडला आणि पाणी कपात घेतलं. पोरीला म्हणाले, "कोरा जोड आहे का एखादा?" होता. तिनं त्याला मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. साहेबांनी कपात बोट बुडवून दोन थेंब आत सोडले. काटा हलला. त्यांनी जोड पुसला, वाळवला, पुन्हा लावला. काटा परत जागेवर. पुन्हा थेंब. पुन्हा हलला. तीनदा केलं त्यांनी. मग बाबूजींपुढं जोड धरून म्हणाले, "तुम्ही करून बघा."

"मी कशाला? दिसायलंय की," बाबूजी म्हणाले.

एवढंच. साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. पण जे केलं ते सगळ्यांपुढं आणि स्वतःच्या हातानं केलं. माझ्या सासरी कुणी एवढंही केलं नव्हतं. उरलेलं खोबरं मी गूळ घालून वाटलं. बाबूजींनी दोनदा घेतलं.

पोरीनं दुसरा जोड बसवला, त्याच्यावर रबरी नळी चढवली आणि मला लहान खोलीत पाठवलं. तिनं हाक पाठवली. माझ्या पडद्यावर ओळी उमटल्या. "आलं," मी ओरडले. ती म्हणाली, "परत." परत आलं. संध्याकाळपर्यंत ती परत परत म्हणत राहिली, आणि मी आलं आलं. तिची गाडी चुकली. मग एसटीनं गेली.

सोमवारी तपासणीचे लोक आले. मशिनींपुढं जितका वेळ थांबले त्याहून जास्त वेळ जेवले. पण पैसा मंजूर झाला आणि तिची ऑर्डर निघाली, पुन्हा सहाच महिन्यांची. ती पक्की कधीच झाली नाही. पुढं तिला हैदराबादला काम मिळालं, ती गेली. बरं केलं.

पण ती होती तोवर दुसरी खंडेनवमी आली. नारळ बाहेर, सायकल स्टँडच्या दगडावर फोडायचा हे न सांगताच ठरलं होतं. उंबरठ्यावर मी कोरडी रांगोळी काढली, पाण्याचं बोट लावलं नाही. आरती सुरू होणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा, मॅडमना तार बघू द्या."

तिनं मीटर लावला. सगळे काट्याकडं बघत उभे, आरतीचं ताट माझ्या हातात, कापूर जळून चाललेला.

"पंचवीस," ती म्हणाली.

बाबूजींनी घंटा वाजवली. आरती झाली. तिनं त्या वर्षीही हात जोडले नाहीत. हातात मीटर होता. आरती संपल्यावर तिनं पुन्हा तार तपासली आणि पुन्हा पंचवीस म्हणाली, आणि मगच साहेबांनी प्रसादाला हात लावला.